ज्यूंचा उपवास आणि परक्याची भूक: एका फिरत्या मजकुराला उत्तर

२०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ज्यू निदर्शकांनी गाझातल्या उपासमारीविरुद्ध रस्त्यावर विलापगीतं वाचली, आणि पाठोपाठ एक मजकूर मराठी ग्रुपांवर फिरू लागला. अजूनही अधूनमधून येतो. त्याचं सार असं: तिशा बआव हा ज्यूंचा आपल्या पडलेल्या मंदिरासाठीचा शोक आहे, कुणाच्या भुकेशी त्याचा संबंध नाही. धर्म सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, ठेवायचा, रस्त्यावर आणायचा नाही. हे अमेरिकेतल्या डाव्यांचं नवं खूळ आहे. खरा धार्मिक ज्यू यात नसतो, आणि परक्यांसाठी तर मुळीच नसतो.

युद्ध कुणामुळे पेटलं, इस्राएलने काय करायला हवं होतं, हा वाद मी इथे घालत नाही. मजकुरात ज्यू धर्माबद्दल जी ठाम विधानं केली आहेत, तेवढीच तपासू.

"हा मंदिराचा शोक आहे, भुकेशी संबंध नाही."

अर्धं बरोबर आहे. आव महिन्याची नवमी म्हणजे तिशा बआव. जेरुसलेमचं पहिलं मंदिर इ.स.पू. ५८६ मध्ये बॅबिलोनच्या फौजेने पाडलं, दुसरं इ.स. ७० मध्ये रोमनांनी. त्या दोन्हींचा हा शोकदिवस. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, पायात चामडं नाही. रात्री सिनेगॉगमध्ये दिवे मंद करतात, लोक जमिनीवर बसतात आणि 'एखा', म्हणजे बायबलमधली विलापगीतं, वाचली जातात. कोकणातले मराठी ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, याच दिवसाला बिरड्याचा सण म्हणत आले.

पण मजकूर लिहिणाऱ्याने एखा उघडून पाहिलेला दिसत नाही. शहर पडण्याआधी त्याला वेढा पडला होता आणि या पुस्तकाची पानंच्या पानं त्या वेढ्यातल्या उपासमारीवर आहेत. दुसऱ्या अध्यायात मुलं आईला विचारतात, धान्य कुठे आहे, आणि तिच्या कुशीतच प्राण सोडतात. चौथ्या अध्यायात तान्ह्याची जीभ तहानेने टाळूला चिकटली आहे, पोरं भाकर मागतायत आणि ती मोडून हातावर ठेवणारं कुणी नाही. तलवारीने मेले ते भुकेने मेलेल्यांपेक्षा बरे, असं पुढे सरळ लिहिलंय. याहून भयंकर ओळी त्यात आहेत, त्या ज्याने त्याने वाचाव्यात.

आता २०२५चं कॅलेंडर पाहा. २ मार्च ते १९ मे या काळात गाझात अन्नासह सगळी मदत बंद होती. तिशा बआव २ ऑगस्टच्या संध्याकाळी लागला. त्याच सुमारास हमास आणि इस्लामिक जिहाद या सशस्त्र संघटनांनी हाडांचा सापळा झालेल्या ओलिसांचे व्हिडिओ सोडले. पुढे २२ ऑगस्टला आयपीसी या आंतरराष्ट्रीय अन्नसुरक्षा यंत्रणेने गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ जाहीर केला. इस्राएल सरकारने तो निष्कर्ष फेटाळला. तिशा बआवच्या रात्री जमिनीवर बसून चौथा अध्याय वाचणाऱ्याच्या मनात गाझातल्या भुकेच्या बातम्या येऊ नयेत, असा नियम निदान त्या पुस्तकात तरी नाही.

"धर्म सिनेगॉगमध्ये ठेवायचा, रस्त्यावर नाही."

हे विधान सर्वांत कच्चं आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

इ.स. २००च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्नात, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात, उपवासांवर एक अख्खं प्रकरण आहे: 'तानित'. पाऊस लांबला, दुष्काळाची भीती पडली, की गावाने उपवास कसा करायचा याचा विधी त्यात दिलाय. पहिली पायरीच अशी की तोराची, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाची, पेटी उचलून गावच्या चौकात आणायची. तिच्यावर राख टाकायची, गावातल्या मोठ्या माणसांच्या कपाळी राख लावायची. मग सर्वांत वडीलधाऱ्याने उभं राहून सांगायचं: निनवे या परक्या शहरातल्या लोकांचे गोणपाट आणि उपवास देवाने पाहिले असं शास्त्रात म्हटलेलं नाही, त्यांची कृती पाहिली असं म्हटलंय. एवढं सगळं भर चौकात. पोलिसांची परवानगी लागत नव्हती, एवढाच काय तो फरक.

त्याहून मजेदार प्रथा पूर्व युरोपातली. कुणावर अन्याय झाला आणि पंचांनी दाद दिली नाही, तर त्याने शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, सकाळी सिनेगॉगमध्ये उठून तोराचं वाचन अडवायचं. तक्रार ऐकली जाईपर्यंत वाचन पुढे सरकायचं नाही. ही बंडखोरी नव्हती, समाजाने मान्य केलेली वाट होती.

मे १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब ज्यू वस्तीत हीच वाट भुकेच्याच प्रश्नासाठी वापरली गेली. कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसारचं, गोमांस पौंडाला १२ सेंटवरून १८ सेंटांवर गेलं. शिवणकाम करून पोट भरणाऱ्या घरांना ते झेपेना. बायकांनी बहिष्कार पुकारला, खाटकांच्या दुकानांतलं मांस रस्त्यावर फेकलं, कितीजणींना अटक झाली. शब्बाथ आला तेव्हा त्या सिनेगॉगमध्ये शिरल्या, वाचन थांबवलं आणि पुरुषांना म्हणाल्या, आमच्या बाजूने उभे राहा. हा पवित्र गोष्टीचा अपमान आहे असं कुणी सुनावलं, तेव्हा त्यातली एक शांतपणे म्हणाली की तोरा मला माफ करेल. जूनच्या सुरुवातीला भाव १४ सेंटांवर उतरला. या बायका कोशर मांस सोडा म्हणत नव्हत्या. कोशर पाळता यावं म्हणूनच भांडत होत्या.

"अमेरिकेतल्या डाव्यांचं नवं खूळ."

१९०२ पुरेसं जुनं वाटत नसेल, तर योम किप्पुरच्या सकाळी काय वाचतात ते पाहा. वर्षातला सर्वांत मोठा उपवास, सगळ्यांच्या पोटात कालपासून काही नाही, आणि वाचन असतं बायबलमधल्या यशाया या संदेष्ट्याच्या ५८व्या अध्यायाचं. लोक देवाला विचारतात, आम्ही उपवास केला, तुला दिसत कसा नाही? देव म्हणतो, उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपला धंदाच बघता आणि मजुरांना राबवता. मला हवा असलेला उपवास म्हणजे जुलमाच्या बेड्या तोडणं आणि आपली भाकर भुकेल्याला वाटून देणं. तालमूद (मिश्नावरच्या चर्चांचा संग्रह) तर म्हणतं, उपवासाचं पुण्य त्या दिवशी दिलेल्या दानात आहे. बाराव्या शतकात मायमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने लिहून ठेवलं की सणाला अंगणाचं दार लावून फक्त बायकामुलांसोबत जेवणाऱ्याचा आनंद हा धर्माचा नव्हे, पोटाचा आनंद.

पेसाखच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या, रात्री हगादा ही त्या सणाची पोथी वाचताना सुरुवातीलाच घरचा माणूस म्हणतो, जो भुकेला असेल त्याने यावं आणि जेवावं. हे वाक्य मराठीतही आहे. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हगादात हिब्रूसोबत मराठी भाषांतर आहे, आणि चित्रांत साड्या नेसलेल्या बायका सणाची बिनखमिराची भाकर करताना दिसतात. एप्रिल २०२४ मध्ये, पेसाख चालू असताना, काही रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आणि कार्यकर्ते तांदूळ-पीठ घेऊन गाझाच्या एरेझ नाक्याकडे निघाले. पोलिसांनी अडवलं, काहींना पकडलं. त्यांचं राजकारण पटो न पटो, त्यांनी वाक्य तेच घेतलं होतं.

"खरा धार्मिक ज्यू यात नसतो."

यात थोडं तथ्य आहे. बहुतेक ऑर्थोडॉक्स, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्यांचे, सिनेगॉग या निदर्शनांत नव्हते. आपल्या शोकाचा दिवस दुसऱ्या कारणासाठी वापरला जातोय याचा अनेकांना राग आला, आणि तो समजण्यासारखा आहे. पण "नसतो" हे चूक. ऑगस्ट २०२५ मध्येच रब्बी योसेफ ब्लाऊ यांच्या पुढाकाराने ८० च्या आसपास ऑर्थोडॉक्स रब्बींनी पत्रक काढलं: हमासचे गुन्हे खरे आहेत, तरी त्यामुळे लोकांची उपासमार टाळण्याची इस्राएलची जबाबदारी संपत नाही. ब्लाऊ यांनी न्यूयॉर्कच्या येशिवा युनिव्हर्सिटी या ऑर्थोडॉक्स विद्यापीठात कित्येक दशकं विद्यार्थ्यांना धार्मिक मार्गदर्शन केलं, आणि ते धार्मिक झायोनिस्ट, म्हणजे इस्राएल या ज्यू राष्ट्राची बाजू धर्माच्या आधारे घेणाऱ्या, चळवळीतले आहेत. त्यांना डावे ठरवायचं असेल तर उजवा कोण, ते मजकूरवाल्यांनी सांगावं.

"परक्यांसाठी तर मुळीच नाही."

परंपरेत क्रम आहे, हे खरं. तालमूदात आपल्या गावचा गरीब परगावच्या गरिबाच्या आधी येतो. पण त्याच तालमूदात गित्तिन प्रकरणात स्पष्ट म्हटलंय की ज्यू गरिबांसोबत बिगरज्यू गरिबांनाही पोसावं, त्यांच्या आजाऱ्यांना भेटावं, त्यांचे मृत पुरावेत. कारण दिलंय शांततेचं.

आणि योम किप्पुरच्या दुपारी, भूक सर्वांत जास्त लागलेली असते तेव्हा, बायबलमधल्या योना या संदेष्ट्याचं पुस्तक वाचतात. निनवे ही अश्शूरची नगरी, म्हणजे शत्रूची. ती नाशातून बचावली म्हणून योना रुसून बसतो. त्यावर देव त्याला विचारतो: जिथे उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत, आणि पुष्कळ गुरंढोरंही, त्या शहराची मला कीव येऊ नये काय? पुस्तक या प्रश्नावर संपतं, योनाचं उत्तर त्यात नाही.