‘गोरं जन्मलेलं बाळ काळवंडू देऊ नका’: त्या मेसेजला उत्तर

मैत्रिणीची मुलगी तीन आठवड्यांची झाली आणि एकाच दिवशी तिघांनी तिला तोच मेसेज पाठवला. मजकूर थोडक्यात असा: ‘जन्मतः दिसतो तोच बाळाचा खरा रंग. पुढे तो काळवंडला तर निगा कमी पडली समजा. शेवटी रंग काय होणार ते कानाच्या कडा सांगतात. अंगावरची लव रोज चोळून काढा, डोकं आणि नाक दाबून आकार द्या. पाठीवर निळा डाग दिसला तर बाळाला कुणीतरी आदळलंय. हातपाय निळे पडले तर हृदयात दोष आहे. अंग पिवळं दिसलं तर उन्हात ठेवा, डॉक्टरकडे धावू नका.’ रात्री तिचा फोन आला. ‘अगं, माझं काय चुकलं?’ एवढंच विचारत होती. हे उत्तर तिच्यासाठी आणि तो मेसेज ज्यांच्या ज्यांच्या हातात पडलाय त्या सगळ्यांसाठी.

‘जन्मतः दिसतो तोच खरा रंग.’ जन्मतः दिसतो तो बराचसा रक्ताचा रंग असतो. नवजात बाळाची कातडी पातळ असते आणि पूर्ण दिवसांच्या बाळाचं हिमोग्लोबिन डेसिलिटरला साधारण १४ ते २० ग्रॅम, म्हणजे पुढच्या काही महिन्यांत असेल त्यापेक्षा खूप जास्त. म्हणून बाळ लालबुंद किंवा गुलाबी दिसतं. पुढच्या आठ-दहा आठवड्यांत हिमोग्लोबिन आपोआप खाली येतं आणि ती लाली ओसरते. दुसरीकडे मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, आत्ता कुठे भरात यायला लागलेलं असतं. ते बनवणाऱ्या पेशी जन्माआधीच कातडीत पोहोचलेल्या असतात. गोऱ्या आणि काळ्या माणसांत त्यांची संख्या जवळपास सारखीच असते, फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात यात. लाली उतरत असताना मेलॅनिन चढत जातं, आणि लोक म्हणतात, ‘गोरी होती, आता सावळी पडली.’ बहुतेक बदल पहिल्या सहा महिन्यांत होतो, काही बाळांत त्यानंतरही चालू राहतो.

‘काळवंडलं म्हणजे निगा कमी पडली.’ या एका वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ते थेट आईवर बोट ठेवतं. बाळाला कधीही उन्हात नेलं नाही तरी रंग गडद होतो. कपड्याखाली झाकलेली पाठ आणि पोटही गडद होतात. त्यात कुणाची चूक नसते, तो आईबापांकडून आलेल्या जनुकांचा हिशेब असतो.

‘कानाच्या कडा सांगतात.’ काही बाळांत कानाच्या कडांवर आणि नखांच्या मुळाशी रंग थोडा आधी दिसतो, हे खरं. पण त्यावरून अंतिम छटा सांगता येत नाही. त्वचेचा रंग अनेक जनुकं मिळून ठरवतात. २००५ साली झेब्रा माशाच्या अभ्यासातून त्यांतलं एक महत्त्वाचं जनुक सापडलं, पण तेही अनेकांतलं एकच. एकाच आईबापांच्या दोन लेकरांचे रंग वेगळे असतात ते याचमुळे.

लव चोळून काढायची गरजच नाही, ती काही आठवड्यांत आपोआप गळते. चोळून फक्त कोवळी कातडी सोलवटते. रंग उजळवणारी क्रीमं तर बाळाजवळ आणूही नका. त्यांपैकी काहींत पारा किंवा स्टिरॉइड सापडलेलं आहे, आणि वजनाच्या मानाने बाळाच्या कातडीचा पसारा मोठा असल्याने लावलेलं बरंच काही अंगात शोषलं जातं. डोकं लांबट दिसतं कारण जन्माच्या वाटेतून येताना कवटीची हाडं एकमेकांवर सरकलेली असतात. काही दिवसांत ती जागेवर येतात. दाबू नका.

पाठीच्या खालच्या भागावरचे निळे-राखाडी डाग मार लागल्याचे नसतात. रंगपेशींपैकी काही कातडीच्या खोल थरात राहिलेल्या असतात, आणि तिथून परतणारा प्रकाश निळसर दिसतो. सावळ्या बाळांत हे फार सर्रास आढळतात आणि बहुधा काही वर्षांत फिकट होतात. डॉक्टरांना तेवढी नोंद करून ठेवायला सांगा, म्हणजे पुढे कुणी ते मुका मार समजणार नाही.

निळ्या हातापायांचंही तसंच. पहिले एक-दोन दिवस तळहात आणि तळपाय निळसर दिसणं सामान्य आहे, रक्ताभिसरण अजून बसायचं असतं. नवजात बाळाची अवस्था जन्मताच जोखायला डॉक्टर व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांनी १९५२ साली मांडलेल्या गुणपद्धतीत रंगाला दोन गुण आहेत आणि याच निळ्या हातापायांमुळे पहिल्या मिनिटाला फार थोड्या बाळांना दहापैकी दहा मिळतात. पण ओठ, जीभ किंवा हिरड्या निळ्या दिसल्या तर क्षणभरही थांबू नका, तडक रुग्णालय गाठा.

आता पिवळेपणा. माझ्या मते मेसेजमधला सर्वांत घातक भाग हाच आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे. १९५६ साली इंग्लंडमधल्या एसेक्सच्या रॉचफर्ड रुग्णालयात जीन वॉर्ड या परिचारिका बाळांना बागेत नेत असत. एका बाळाचं अंग उन्हाने फिकट झालं होतं, फक्त चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला तुकडा पिवळाच राहिला होता, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून दिव्याखाली ठेवण्याचा उपचार निघाला आणि १९५८ साली तो प्रसिद्ध झाला. पण आजच्या त्या दिव्यांचा निळा प्रकाश मोजून दिलेला असतो. उन्हात मोजमाप नसतं, वर अतिनील किरणं आणि उष्णता असते. आणि ‘चार दिवस ऊन देऊन बघू’ म्हणण्यात जे चार दिवस जातात, ते परत मिळत नाहीत.

पूर्ण दिवसांच्या दहांपैकी सुमारे सहा बाळांना थोडीफार कावीळ होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापासून सुरू होते आणि दोनेक आठवड्यांत जाते. बहुतेकांना काहीच करावं लागत नाही. पण पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसला, तो तळहात-तळपायांपर्यंत उतरला, बाळ सुस्त पडलं किंवा दूध घेईना, तर त्याच दिवशी रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे अंग पिवळं करणारं द्रव्य, मोजायला हवं. ते फार वाढलं तर मेंदूत शिरतं आणि श्रवणशक्तीसह कायमचं नुकसान करतं. सावळ्या बाळात तर पिवळेपणा डोळ्याला कमीच कळतो. म्हणून डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पाहायच्या, आणि शंका आली की अंदाज न बांधता मोजून घ्यायचं.

दोन आठवड्यांनंतरही कावीळ टिकली असेल तर आणखी एक गोष्ट पाहायची, शीचा रंग. शी पांढुरकी किंवा मातकट आणि लघवी गडद असेल तर पित्तनलिका, म्हणजे यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी नळी, बंद असण्याची शक्यता असते. त्यावरची शस्त्रक्रिया बाळ साधारण ६० दिवसांचं होण्याआधी झाली तर यशाची शक्यता जास्त असते. अशा बाळाला ‘उन्हात ठेवा’ हा सल्ला किती महाग पडेल?

म्हणून त्या रात्री मैत्रिणीला मी तीनच गोष्टी विचारल्या. डोळे कसे दिसतात, शी कोणत्या रंगाची आहे, दूध नीट घेते का. दिवा लावून तिने बघितलं. डोळे पांढरे होते, शी पिवळी होती, दूध ती भरपूर घेत होती. तिच्या अंगावर तिचा सावळा रंग चढत होता, एवढंच.