प्रार्थनेच्या कार्डावर मामा

मिशनरी ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं की प्रत्येकाने आपली साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ती गोष्ट, तीन मिनिटांत बसवून आणायची आणि तिचे तीन तुकडे हवेत, आधी मी कशी होते, मग ख्रिस्त कसा भेटला, आणि नंतर काय बदललं. ब्राझीलच्या पोराचं सोपं होतं, तो आधी दारू पिऊन बाइक ठोकायचा. माझी पंचाईत. मी नगरची (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं), चौथ्या पिढीची ख्रिस्ती, पाळण्यात असताना बाप्तिस्मा झालेला, रविवारी सकाळी मंडळी (म्हणजे चर्च) आणि दुपारी मटण, एवढंच आमचं आयुष्य. माझा 'बिफोर' नाहीच. तसं म्हटल्यावर शिकवणाऱ्या बाई गोड हसून म्हणाल्या, पण तुमच्याकडे आधी ते बाकीचे सगळे देव होते ना, त्यातून बाहेर कशी आलीस ते सांग की. म्हटलं बाई, बाहेर माझे पणजोबा आले होते, आणि ते 1949 सालीच गेले.

तर मी सध्या इंग्लंडात आहे, ऑक्सफर्डशरमधल्या एका खेड्यात, एका जुन्या दगडी घरात, जिथे सहा महिन्यांचं मिशनरी ट्रेनिंग चालतं. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माणसं चांगली आहेत आणि मला अजून इथे तीन महिने राहायचंय. आम्ही सतरा जण. सकाळी साडेसहाला मौनवेळ, मग नाश्ता, मग लेक्चर, दुपारी दोन तास वर्क ड्यूटी म्हणजे भांडी, संडास, बागेतला पालापाचोळा जे वाट्याला येईल ते. पुण्यात चांगली नोकरी सोडून इथे येऊन बटाटे सोलतेय हे आईला अजून नीट सांगितलेलं नाही. जेवणात बटाटाच असतो, सालीसकट भाजलेला, त्यावर डब्यातले गोडसर बीन्स. मी येताना आणलेला काळा मसाला तिसऱ्या आठवड्यात संपला कारण कोरियन मुलींना तो भलताच आवडला. या कोरियन मुली प्रार्थनेला लागल्या की आधी तीनदा 'जुयो' म्हणून हाक मारतात, म्हणजे 'हे प्रभू', आणि मग सगळ्या एकदम मोठमोठ्याने आपापली प्रार्थना सुरू करतात, पहिल्या दिवशी मला वाटलं आग लागली. मी आजीकडून शिकलेलं ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं एक भजन टाळ नव्हते म्हणून दोन चमचे वाजवत म्हटलं तर सगळे गप्प, आणि मग एक जण विचारतो, हे हिंदू गाणं आहे का. काय सांगणार. आमच्याकडे शंभर वर्षं याच चालींवर उपासना चाललीये.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गुरुवारी आमच्याकडे मध्यस्थीची प्रार्थना असते. टेबलावर कार्डं पसरलेली असतात, एक उचलायचं आणि त्यावरच्या लोकांसाठी प्रार्थना करायची. कार्डावर फोटो, लोकसंख्या, भाषा, आणि त्या लोकांत ख्रिस्ती किती टक्के. ही माहिती इंटरनेटवर सगळ्यांना बघता येते, भारताच्या बाबतीत तिथे जातवार पानं आहेत, मराठा वेगळे, कुणबी वेगळे, महार वेगळे. हिशोबही ठरलेला, ज्या समाजात इव्हँजेलिकल (म्हणजे प्रचारावर भर देणारे ख्रिस्ती) दोन टक्क्यांहून कमी आणि एकूण ख्रिस्ती पाच टक्क्यांच्या आत तो 'न पोचलेला'. नकाशावर 10 ते 40 अक्षांशांमधला पट्टा रंगवून त्याला खिडकी म्हणतात, 1990 पासून हा शब्द मिशनच्या दुनियेत चालतोय, आणि आपण सगळे त्या खिडकीत बसलेलो आहोत. तर त्या गुरुवारी माझ्या हातात आलं 'माळी' असं कार्ड.

माझी आई माळी आहे. श्रीगोंद्याची. पप्पांशी लव्ह मॅरेज, त्या काळात, माळ्याची पोर आणि महारातून ख्रिस्ती झालेल्या घरातला मुलगा, काय झालं असेल तुम्हीच समजा. मामा सात वर्षं बोलला नाही. मग मी जन्मल्यावर कांद्याची गोणी घेऊन दारात आला आणि तेव्हापासून दर दिवाळीला माझं फराळाचं ताट त्याच्याकडे. आणि आता मी ऑक्सफर्डशरमध्ये खुर्चीत बसलेय आणि हातात माझ्या मामाचं कार्ड, त्यावर त्याची टक्केवारी. फोटो कुठल्या तरी राजस्थानी पगडीवाल्याचा होता हे वेगळंच. शेजारची नायजेरियाची मैत्रीण म्हणाली, चल प्रार्थना करू, यांनी कधी कोणा ख्रिस्ती माणसाला बघितलेलंही नसेल. मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं.

प्रार्थना करायला माझी हरकत नाही, मामासाठी मी रोज करते, त्याच्या गुडघ्यासाठी आणि कांद्याच्या भावासाठी. पण माणसाचं कार्ड केलं की तो पोचायचं ठिकाण होतो, स्टेशनसारखा. मामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असल्या पानांचे स्क्रीनशॉट फिरतात, 'बघा तुमच्या जातीवर यांचा डोळा आहे' म्हणून, आणि मी आजवर पप्पांसारखीच म्हणायचे की सगळं फेक असतं. फेक नाहीये. मी हातात धरलंय ते कार्ड. मजकूर तिरका लावलेला असतो, पण मामाला जे टोचतं ते खोटं नाही, आपल्याला न विचारता आपली यादी कोणी तरी केलीये हे कोणालाही टोचेल. हे आपल्या मंडळीत मोठ्याने बोलायला पाहिजे असं माझं मत आहे, पाळकसाहेब रागावले तर रागावू देत.

पण मामाचीही एक गंमत आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये राज्य सरकारने 'लव्ह जिहाद' आणि सक्तीच्या धर्मांतरावर कायदा कसा करता येईल ते बघायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली तेव्हापासून आमच्या फोनवर एकच विषय. मामाचं म्हणणं, कायदा पाहिजेच, मध्य प्रदेश आणि यूपीसारखा, धर्म बदलायचाय ना, मग साठ दिवस आधी कलेक्टरला कळवा, लपवण्यासारखं काय आहे त्यात. बळजबरी नको हे मलाही मान्य. सुप्रीम कोर्टाने 1977 सालीच सांगितलंय की धर्माचा प्रचार करण्याच्या हक्कात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही. ठीक. पण स्वतःचं मन बदललं तर साठ दिवस अर्ज कलेक्टर कचेरीत पडून राहणार, आणि त्या साठ दिवसांत गावातले दहा जण घरी येऊन समजावून जाणार, कसं समजावतात ते आईला विचारा. आणि हाच मामा मला लंडनच्या रस्त्यावर धोतर नेसून मृदंग वाजवणाऱ्या गोऱ्यांचे व्हिडिओ पाठवतो, बघ इंग्रज आपले झाले. वॉटफर्डजवळचा इस्कॉनचा मोठा वाडा 1973 साली जॉर्ज हॅरिसनने दिलाय, बीटल्सवाल्याने, तिथे आजही गोरी माणसं गायी सांभाळतात. त्यांनी कुठल्या कलेक्टरला अर्ज दिला होता असं विचारलं की मामा म्हणतो, रेंज नाहीये, नंतर बोलू.

त्याचं दुसरं पेटंट वाक्य म्हणजे तुमचे लोक दुष्काळात सुकडी खाऊन बाटले. पणजोबा ख्रिस्ती झाले 1920च्या आसपास. नगरचा मोठा दुष्काळ 1899-1900चा, म्हणजे वीस वर्षं आधी संपलेला. आजी सांगते की त्यांना एकच गोष्ट पाहिजे होती, पोराने शाळेच्या ओट्यावर बाहेर न बसता आत पोरांच्या रांगेत बसावं, आणि मिशनच्या शाळेत ते होत होतं. याला लोभ म्हणायचं तर म्हणा. पण तोटा पण मोजा. 1950चा अनुसूचित जातींचा आदेश निघाला, त्यात ख्रिस्ती झालेला दलित बसत नाही. शिखांना 1956 ला घेतलं, बौद्धांना 1990 ला घेतलं, आम्ही बाहेरच. पप्पांच्या सख्ख्या चुलतभावाच्या घरी बौद्ध झाले म्हणून पोरांना एससीचं सर्टिफिकेट, पप्पांना नाही, भाऊ तेच आणि वाडा तोच. आणि एवढं करून आमच्यातली जात गेली का, तर लग्न ठरवताना मंडळीतलेच लोक हळूच विचारतात, मूळचे कोण. हे मी इथल्या साक्षीत सांगू की नको ते अजून ठरत नाहीये, कारण इथे सगळ्यांना गोष्टीचा शेवट उजेडात पाहिजे असतो.

मागच्या शनिवारी सुट्टी होती म्हणून बस पकडून वॉन्टेजला गेले. छोटं गाव, चौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा, आजूबाजूला बाजार. पंडिता रमाबाई 1883 साली इथल्या सिस्टरांकडे आल्या होत्या, पंचवीस वर्षांची विधवा, बरोबर लहान मनोरमा, आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला दोघींचा बाप्तिस्मा इथेच झाला. माझ्यासारखंच त्यांचंही ट्रेनिंग म्हणायचं. पण बाईंनी पहिल्यापासून वाद घातले. अंडं घातलेलं पुडिंग खाणार नाही, सिस्टरांना वाटलं हा ब्राह्मणी अभिमान शिल्लक आहे. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, मला लॅटिन समजत नाही, संस्कृत का नको. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुषांना शिकवू नये असं बिशप लोकांना वाटलं तर त्यावरही भांडल्या. वॉन्टेजच्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे, ज्यांना वाटतं की मिशनरी सांगतील तसं आपली माणसं मुंडी हलवत गेली त्यांनी तो वाचावा, आणि ज्यांना वाटतं की रमाबाई आमच्या मिशनची यशोगाथा आहे त्यांनी तर दोनदा वाचावा. परत आल्यावर पुण्यात 1893 ला 'केसरी'ने त्यांच्या शारदा सदनावर, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीच्या शाळेवर, झोड उठवली, मुलींना बाटवतात म्हणून, पालकांनी मुली काढून नेल्या. म्हणजे इकडे सिस्टर म्हणतात तू अजून पुरेशी ख्रिस्ती नाहीस आणि तिकडे पुणं म्हणतं तू आमची राहिली नाहीस. बाईंनी दोघांचं ऐकलं नाही, आणि पुढे दौंडजवळच्या केडगावला बसून हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. मी वॉन्टेजमध्ये दोन दुकानांत विचारलं, रमाबाई कोणाला माहीत नव्हत्या. चहा घेतला, पाऊस आला, परत आले.

आता मुख्य भानगड. पुढच्या महिन्यात आउटरीच, म्हणजे शिकलेलं बाहेर जाऊन करायचं. तीन टीम. एक अल्बेनियाला, एक भारतात, एक उत्तर इंग्लंडात. माझं नाव न विचारता भारताच्या टीममध्ये, दुभाषी म्हणून. मी लीडरकडे गेले आणि म्हटलं मी इंग्लंडात राहते. ते बिचारे गोंधळले, म्हणाले तिकडे गरज जास्त आहे. मी त्यांना त्यांच्याच देशाची 2021ची जनगणना सांगितली, इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे 46.2 टक्के, पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली, आणि कुठलाच धर्म नाही म्हणणारे 37.2. गरज कुठे आहे ते बघा. शिवाय इथे नायजेरियन मैत्रीण आणि मी दारोदार जाऊन बेल वाजवतो तेव्हा फार तर एखादी म्हातारी 'नो थँक यू लव्ह' म्हणून दार लावते, पोलीस येत नाहीत, आमचा व्हिडिओ कोणी काढत नाही. सोपं पडतं म्हणून इकडे राहतेय का मी? थोडं तसंही असेल. मामाच्या तालुक्यात टीमबरोबर हातात कार्डं घेऊन फिरण्याची माझी हिंमत नाही, आणि ते बरोबर आहे असं वाटतही नाही. लीडर दोन दिवस विचार करून हो म्हणाले.

काल मामाचा फोन आला, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. मग विचारलं, काय गं, भारतात येणार होतीस ना तुमच्या लोकांबरोबर. म्हटलं नाही मामा, मी इथेच, इंग्रजांना ख्रिस्ती करायला चाललेय. दोन सेकंद शांत. मग असा हसला की मामी आतून ओरडली, काय झालं. म्हणाला, कर कर, बिनधास्त कर, फक्त त्यांना साठ दिवस आधी कलेक्टरकडे अर्ज टाकायला सांग.