टाटा चांद्याला येणारच होता!

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या गावच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड येऊन पडतो. टाटांचा पोलादाचा कारखाना आधी चंद्रपुरात होणार होता, पण आपल्या पुढाऱ्यांनी घालवला! खाली रडके चेहरे, 'विदर्भाच्या नशिबी कायम हेच'. यातलं 'होणार होता' हे खरं आहे. 'पुढाऱ्यांनी घालवला' यावर मला भांडायचंय, तेही सी. एम. वेल्ड या माणसाच्या वतीनं. आपल्या जिल्ह्यात त्याला कोणी ओळखत नाही.

मूळ गोष्ट १८८२ ची. रिटर फॉन श्वार्ट्झ या तज्ज्ञानं चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात लोखंडाचा धंदा कितपत परवडेल यावर सरकारला अहवाल दिला. नागपुरात एम्प्रेस मिल ही कापडगिरणी चालवणाऱ्या जमशेटजी टाटांच्या तो वाचनात आला आणि तिथली लोहाऱ्याची लोखंडाची टेकडी त्यांच्या डोक्यात बसली ती बसलीच. पण तेव्हाचे खाणींचे सरकारी नियम इतके जाचक होते की पुढची सतरा वर्षं काही हललं नाही. व्हाइसरॉय कर्झनच्या काळात, १८९९ मध्ये ते सैल झाले. मग जमशेटजी अमेरिकेत गेले, न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिन या इंजिनिअरला गाठलं, आणि पेरिननं जमीन तपासायला आपला माणूस आधी पाठवला. तोच हा वेल्ड.

जमशेटजींचा मुलगा दोराबजी आणि भाचा शापुरजी सकलातवाला यांच्यासोबत तो चांद्याच्या जंगलात फिरला. (हेच सकलातवाला पुढे लंडनला जाऊन कम्युनिस्ट झाले आणि १९२२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात निवडून आले. टाटांच्या घरातला कम्युनिस्ट!) धड बसताही येऊ नये आणि आडवंही होता येऊ नये अशा बैलगाड्या, वाघांचा मुलूख, पाणी इतकं वाईट की सोडावॉटरचा चहा करायचा. चैत्र-वैशाखात आमच्याकडे फिरलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

लोखंडाचा दगड चांगला निघाला. घोडं अडलं कोळशावर.

माझे मामा कोळसा खाणीत ओव्हरमन, म्हणजे खाणीतल्या कामावर देखरेख करणारे होते. त्यांना मी एकदा विचारलं, एवढा कोळसा आपल्या पायाखाली, मग अडचण कुठं आली? म्हणाले, "आपला कोळसा बॉयलर पेटवतो रे, भट्टी नाही पेलत." लोखंडाच्या भट्टीत कोळसा तसाच टाकत नाहीत, आधी त्याचा कोक करतात. कोक टणक हवा, वर रचलेल्या खनिजाचा आणि चुनखडीचा भार सोसणारा. त्याचा भुगा झाला तर हवा वर चढत नाही, भट्टी गुदमरते. वरोऱ्याची सरकारी खाण तेव्हा चालू होती, रेल्वेही होती, पण त्या कोळशाचा असा कोक होत नाही. वर्धा खोऱ्यातला हाच कोळसा आज वीज केंद्रात जळतो, तिथं तो चालतो.

म्हणजे इथं कारखाना चालणार नाही हा वेल्डचा नकार बरोबर होता. आणि मला नेमकं त्याचंच कौतुक वाटतं. मालकाचं वीस-बावीस वर्षांचं स्वप्न, परदेशातून बोलावून आणलेला तज्ज्ञ, अशा वेळी 'बघू, जमवू' म्हणणं किती सोपं! आमच्याकडे प्रकल्प अहवाल लिहिणारे बघतो ना मी. आकडे आधी ठरतात, तपासणी नंतर होते.

दोराबजी हे सांगायला नागपूरला सचिवालयात गेले. साहेब जागेवर नव्हते म्हणून वाट बघता बघता समोरच्या म्युझियममध्ये, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात शिरले. तिथं भूगर्भाच्या नकाशावर दुर्ग जिल्ह्यात (आताच्या छत्तीसगडात) लोखंडाचा गडद रंग दिसला. तो भाग पूर्वी भूगर्भ खात्यातल्या प्रमथनाथ बोस यांनी धुंडाळलेला. वेल्ड तिकडं, दल्ली-राजहराच्या डोंगरावर गेला. लोखंड भरपूर होतं, पण चांगला कोळसा आणि पाणी पुन्हा लांबच.

बोस यांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकलेला हा माणूस. खात्याचं प्रमुखपद त्यांना डावलून कित्येक वर्षं मागून आलेल्या हॉलंड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला दिलं, म्हणून १९०३ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. आताच्या ओडिशातल्या मयूरभंज संस्थानात गेले, तिथं गोरुमहिसानीचं लोखंड शोधलं आणि २४ फेब्रुवारी १९०४ ला टाटांना पत्र लिहिलं. झरियाचा कोकसाठी लागणारा कोळसा तिथून आवाक्यात. कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला तो त्यामुळे, कुणी पळवला म्हणून नव्हे. १९१२ मध्ये तिथं पोलाद निघालं. जमशेटजी मात्र १९०४ च्या मे महिन्यातच गेले होते.

आणि दल्ली-राजहरा? स्वातंत्र्यानंतर भिलाईचा कारखाना त्याच डोंगराच्या जिवावर उभा राहिला. तोवर कोळसा लांबून आणणं परवडू लागलं होतं.

हे सगळं मी मामांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अजब बंगल्यात तो नकाशा अजून आहे का रे? पुढच्या खेपेला नागपूरला गेलो की बघून येतो."