डिस्प्ले कोणता टाकला, ते बिलावर लिहून द्या

गेल्या गुरुवारी संध्याकाळी आई ठाण्यात जांभळी नाक्यावर भाजी घ्यायला गेली होती. मेथी, वांगी, आलं असं सगळं मिळून १४० रुपये झाले. तिने स्कॅन केलं, रक्कम टाकली आणि पिन टाकायची वेळ आली तेव्हा उजवीकडची ३, ६, ९ ची रांग दाबलीच जाईना. खाली कोपऱ्यात बरोबरची खूण असते ना, तीही नाही. आईने बोट पदराला पुसून पुन्हा दाबलं, फोन बंद करून चालू केला. मागे माणसं खोळंबली. भाजीवाला ओळखीचा, तो म्हणाला, "राहू द्या आजी, उद्या द्या." पण आईने पिशवी त्याच्याकडेच ठेवली, चरईपर्यंत चालत घरी आली, पैसे घेतले आणि परत गेली. बहात्तर वर्षांची बाई. रात्री मी ऐरोलीहून घरी आल्यावर म्हणाली, "उधारी कधी केली नाही गं मी आजवर."

त्या फोनचा डिस्प्ले सव्वा महिन्यापूर्वीच बदललेला होता. "ओरिजिनल" म्हणून, ३८०० रुपये मोजून.

तेव्हा काय झालं होतं ते आधी सांगते. तलावपाळीला कट्ट्यावर बसलेली आई उठली आणि मांडीवरचा फोन खाली गेला. फार उंचावरून नाही, गुडघ्याएवढ्या. पण पेव्हर ब्लॉकच्या कडेवर नेमका कोपरा आपटला आणि वरपासून खालपर्यंत कोळ्याचं जाळं झालं. आत चित्र व्यवस्थित दिसत होतं, टच चालत होता. आईने दोन दिवस तसाच वापरला आणि काचेची कुसळ अंगठ्यात शिरली, ती मी सुईने काढली. काच फुटली असेल तर दुकानात जाईपर्यंत निदान रुंद सेलोटेप तरी चिकटवा, हे सगळ्यांना सांगते आहे.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथे ९८०० रुपये सांगितले. फोन २१ हजारांचा. फक्त काच बदलून मिळणार नाही, डिस्प्ले आणि फ्रेम असा पूर्ण संचच बदलावा लागेल, पार्ट मागवायचा म्हणजे आठ-दहा दिवस लागतील, आणि पडून फुटलं म्हणजे वॉरंटीत बसत नाही. आईचं पेन्शन, बँक, डॉक्टरांची वेळ, भजनी मंडळाचा ग्रुप, सगळं त्या फोनवर. दहा दिवस ती कशी काढणार? म्हणून स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो. चाळीस मिनिटांत काम झालं. बिल मागितलं तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे रक्कम लिहून दिली. "मॅडम, ओरिजिनल आहे, सहा महिने बघायला नको." मी घाईत होते, विश्वास ठेवला.

त्याच रात्री स्क्रीनवरचं फिंगरप्रिंट चालेना. दुकानात फोन केला तर "अपडेट आलं की सुरू होईल" असं उत्तर मिळालं. चार दिवसांनी आई म्हणाली, उन्हात काहीच दिसत नाही. कडेवरून नख फिरवलं तर काच किंचित वर आल्यासारखी लागत होती. बॅटरी दुपारीच संपायला लागली. आणि मग जांभळी नाक्यावर ते घडलं.

शुक्रवारी मी नौपाड्यातल्या एका गल्लीत, मैत्रिणीने सांगितलेल्या छोट्या दुकानात गेले. पंचविशीचा मुलगा. त्याने फोन उघडलासुद्धा नाही. एक पूर्ण काळा फोटो स्क्रीनभर लावला, दोन्ही तळव्यांची ओंजळ फोनवर धरली आणि मला आत बघायला सांगितलं. काळ्याच्या जागी राखाडी उजेड दिसत होता, पहाटेच्या आभाळासारखा.

"ताई, तुमचा फोन अ‍ॅमोलेडचा आहे. त्यात काळ्या जागेचे ठिपके बंदच होतात, उजेड येतच नाही. हा एलसीडी टाकलाय, याला मागून दिवा असतो. म्हणून फिंगरप्रिंट गेलं. ते बोट वाचणारं यंत्र डिस्प्लेच्या खाली असतं, त्याला या पॅनेलच्या आरपार दिसतच नाही. जाड असतो म्हणून फ्रेममध्ये नीट बसत नाही."

मग त्याने विचारलं, "जुना फोल्डर परत घेतलात का?"

नाही घेतला. सुचलंच नाही. फोल्डर म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले एकत्र चिकटवलेला पूर्ण संच. तो म्हणाला, काच फुटलेली पण चित्र आणि टच जिवंत, अशा अ‍ॅमोलेड फोल्डरला बाजारात चांगली किंमत असते, नवी काच बसवून तो पुन्हा विकला जातो. म्हणजे आईच्या फोनमधला खरा, धडधाकट डिस्प्ले आम्ही काउंटरवर कचरा समजून सोडून आलो आणि त्याच्या जागी हलका विकत घेतला. हे ऐकून मला जे वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही. आईला मी ते अजून सांगितलेलं नाही.

त्या मुलाच्या टेबलाशी मी तासभर बसले, कारण दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या फोनची फक्त काच बदलायचं काम चालू होतं आणि मला ते बघायचं होतं. डोशाच्या तव्यासारखी सपाट गरम पाटी, तापमान ८० अंशांच्या आसपास. त्यावर डिस्प्ले ठेवला की खालून हवा खेचली जाते आणि तो घट्ट धरला जातो. मग केसासारखी बारीक तार दोन्ही हातांत ताणून फुटकी काच आणि डिस्प्ले यांच्या मधून करवतीसारखी मागे-पुढे ओढत न्यायची. अंगठ्याएवढं अंतर जायला पाच मिनिटं. तो बोलत नव्हता, श्वाससुद्धा जपून घेत होता. काच सुटली की उरलेला डिंक बोटाने वळ्या करत काढायचा, पुसायचं, दिव्याखाली तिरकं धरून धुळीचा कण राहिला का बघायचं. मग ओसीए नावाचा पारदर्शक डिंकाचा कागद, त्यावर नवी काच, दाबयंत्र आणि शेवटी बुडबुडे घालवायचं यंत्र. मी विचारलं, तार ओढताना डिस्प्ले जातो का? "जातो की ताई. म्हणून हात लावायच्या आधीच सांगतो, गेला तर किती खर्च येईल. पटलं तर ठेवा."

हे आधी सांगणं मला फार मोलाचं वाटतं, आणि आजची पोस्ट मी त्यासाठीच लिहिते आहे.

कॉपी डिस्प्लेला, म्हणजे कंपनीच्या नसलेल्या स्वस्त डिस्प्लेला, माझा विरोध नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी मागच्या दिवाळीत १२०० रुपयांची कॉपी टाकून घेतली. दुकानदाराने तोंडावर सांगितलं होतं, रंग फिके दिसतील, वर्षभर चालेल. त्यांना तेवढंच परवडत होतं आणि त्यांनी समजून-उमजून घेतलं. तो व्यवहार चोख होता. आमचा नव्हता. फरक पैशाचा नाही, आम्हाला खोटं सांगितलं गेलं याचा आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा घरात बसून वाचला तेव्हा कळलं की आपण किती गोष्टी सोडून देतो. वस्तूचा दर्जा आणि किंमत याची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे. जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून खपवणं ही अनुचित व्यापारी प्रथा. विकलेल्या वस्तूचं किंवा दिलेल्या सेवेचं बिल न देणं हेसुद्धा याच कायद्याने त्या यादीत घातलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. पण हे सगळं करायला हातात कागद हवा. व्हिजिटिंग कार्डाच्या मागच्या आकड्यावर काय सिद्ध करणार?

कंपन्यांबद्दलही मला तितकंच तीव्र वाटतं. साध्या काचेसाठी फोनच्या निम्म्याच्या आसपास किंमत सांगायची आणि दहा दिवस थांबवायचं, मग माणूस स्टेशनजवळच्या पहिल्या दुकानात जाणारच. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम लागू झाला आहे की मॉडेलची विक्री थांबल्यावरही ७ वर्षं डिस्प्लेसारखे सुटे भाग दुरुस्ती करणाऱ्यांना मिळाले पाहिजेत, आणि फोन दुरुस्तीला किती सोपा आहे त्याची श्रेणी लेबलवर छापली पाहिजे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं, ते चांगलंच झालं. पण नौपाड्यातल्या त्या मुलाला कंपनीचा पार्ट सरळ दारातून विकत मिळेल तेव्हा मी म्हणेन की हक्क मिळाला. त्याचा हात तयार आहे, माल मात्र त्याला इकडून तिकडून गोळा करावा लागतो.

थोडं ओरखड्यांबद्दल, कारण यात लोक उगाच पैसे घालवतात. खनिजांचा कठीणपणा मोजायची १ ते १० अशी मोजपट्टी आहे, फ्रीडरिश मोह्स यांनी १८१२ मध्ये बनवलेली. फोनची काच त्यात साधारण ६ वर येते. पर्समधल्या किल्ल्या आणि नाणी त्याखाली, म्हणून त्यांनी सहसा काही होत नाही. वाळूतलं क्वार्ट्झ मात्र ७. मेट्रोच्या कामाच्या वर्षांत घोडबंदर रोडने रिक्षातून रोज गेलेल्या कोणाच्याही पर्सच्या तळाशी बोट फिरवा, वाळूची ती बारीक खर लागेल. माझ्या फोनवरच्या रेषा तिच्याच. पदराने किंवा ओढणीने कोरडं घासून पुसलं की तेच कण आपण काचेवर फिरवतो. आधी फुंकर मारा, मग मऊ कापड.

आणि कृपा करून टूथपेस्ट लावू नका. रेष भरून निघत नाही, उलट आजूबाजूची काच खरवडली जाते आणि बोटांचा तेलकटपणा धरू न देणारा वरचा थर निघून जातो. टेम्पर्ड ग्लासच्या पाकिटावर ९एच लिहिलेलं असतं ते पेन्सिलच्या कठीणपणाचं माप आहे, वरच्या मोजपट्टीवरचा ९ नव्हे. ती काच लावा, जरूर लावा, ती स्वतः फुटून खालची वाचवते. पण तिला ओरखडा पडणारच नाही असं कोणी सांगितलं तर मानू नका.

खोल रेषेकडे दुर्लक्षही करू नका. फोनची काच वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात, ४०० अंशांच्या आसपास बुडवून कणखर करतात. काचेतले सोडियमचे छोटे आयन बाहेर येतात, त्या जागी पोटॅशियमचे मोठे घुसतात आणि काचेचा वरचा थर आवळला जातो. सगळी ताकद त्या आवळलेल्या थरात. रेष त्याच्या खाली उतरली की पुढच्या पडण्यात तडा तिथूनच सुरू होऊ शकतो.

आणखी एक. दुकानात पासवर्ड मागतात आणि चिठ्ठीवर लिहून फोनच्याच पाठीला चिकटवतात. दिवसभर तो फोन तसाच टेबलावर पडलेला असतो. डिस्प्ले बदलायला तुमचे फोटो आणि बँक उघडी असायची गरज नाही. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये मेंटेनन्स मोड आहे, पिक्सेलमध्ये रिपेअर मोड, तो चालू करून द्या. नसेल तर समोर बसा आणि टच तपासायला स्वतः उघडून द्या. टच मेला असेल पण चित्र दिसत असेल तर अँड्रॉइड फोनला ओटीजी (चार्जिंगच्या जागी बसणारं छोटं कनेक्टर) लावून साधा कॉम्प्युटरचा माउस जोडा, स्क्रीनवर बाण येतो. आधी घरीच सगळा बॅकअप काढून घ्या.

आईच्या फोनचं काम काल झालं. त्या मुलाने आधीच सांगितलं की नवा कंपनीचा पॅनेल त्याला मिळत नाही, बंद पडलेल्या फोनमधून काढलेला खरा अ‍ॅमोलेड मिळतोय, त्यावर काच नवी बसवलेली आहे, ५२०० होतील. आणि एकदा उघडलेल्या फोनचं सील पहिल्यासारखं राहत नाही, पावसात जपा. मी हो म्हटलं. काळा फोटो लावून ओंजळ धरली, आत काळंकुट्ट दिसलं. आईचं बोट ठेवलं, फोन उघडला.

बिलावर त्याने निळ्या पेनने लिहिलं: "अ‍ॅमोलेड फोल्डर, जुन्या फोनमधून काढलेला ओरिजिनल, काच नवी. टच व डिस्प्ले ३ महिने. काढलेला एलसीडी परत दिला." खाली तारीख, सही, शिक्का. लिहायला एक मिनिट लागलं असेल.

ठाण्यातल्या, कळव्यातल्या, वाशी-ऐरोलीतल्या सगळ्या मोबाइल रिपेअरवाल्या दादांना माझी हात जोडून विनंती आहे, ही तीन ओळींची सवय लावा. गिऱ्हाइकांनो, पैसे द्यायच्या आधी हे लिहून मागा आणि जुना पार्ट घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तुमच्या भागात असं बिल देणारं दुकान माहीत असेल तर खाली नाव आणि गल्ली लिहा. मी सगळी नावं एकत्र करून याच पोस्टमध्ये टाकत जाईन. आमच्या सोसायटीतल्या तिघांचे फोन फुटलेले आहेत, ते वाट बघतायत.