न बघता लिहून पाहणे : एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. वार्षिक परीक्षेच्या तयारीविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. पुस्तक मिटून आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहावे आणि काही दिवसांच्या अंतराने तेच पुन्हा करावे, म्हणजे अभ्यास टिकतो आणि ताणही कमी होतो, असे मी सुचवले होते. त्यावर आपले म्हणणे असे की बोर्डाच्या परीक्षेला शेवटी पाठांतरच लागते. ताण नको म्हणणारे लेख मुलांना सैल सोडतात, कारण आपली पिढी भीतीपोटीच अभ्यासाला बसली. आणि स्वतंत्र खोली व शांतता लाभलेल्या कोल्हापूर शहरातील मुलांसाठीचे हे सल्ले कागल तालुक्यातील आपल्या घराला लागू पडत नाहीत. मुलगी दहावीत आहे, परीक्षा महिन्यावर आली आहे, अशा वेळी पद्धत बदलणे शहाणपणाचे आहे का, असेही आपण विचारले आहे.

पाठांतराविषयी आपले आणि माझे भांडण नाही. आपण ज्या पाठांतराची आठवण काढता, त्यात पाढे उभे राहून, पुस्तक न बघता, सर्वांसमोर म्हणावे लागत. कविता अडखळली की मागच्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करावी लागे. आणि दिवेलागणीला घरोघरी परवचा होई. न बघता आठवणे, आणि तेही रोज, हाच त्या पाठांतराचा प्राण होता. आज अभ्यास म्हणून जे चालते ते वेगळेच आहे. धडा चार वेळा वाचायचा, ओळी हायलायटरने रंगवायच्या, गाइडमधले उत्तर वहीत उतरवून काढायचे. यात डोळे आणि हात राबतात, स्मरणशक्तीला मात्र काहीच काम पडत नाही. माझा आक्षेप या वाचनावर आहे, परवच्यावर नाही.

वाचून ‘येतंय’ असे वाटणे किती फसवे असते, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्पष्ट दिसते. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचून तो पुन्हा वाचला, तर दुसरा उतारा वाचून त्यातले आठवेल ते न बघता लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचलेल्या उताऱ्यातले 81 टक्के आणि लिहून काढलेल्यातले 75 टक्के आठवले, म्हणजे तेव्हा वाचनच सरस ठरले. आठवड्याने विचारले तेव्हा हे आकडे अनुक्रमे 42 आणि 56 झाले. रात्री सगळे पाठ असते आणि पेपरात काहीच सुचत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मुलांचे दुखणे बहुतेक वेळा 81 आणि 42 या दोन आकड्यांतच असते.

मी दहावीला भूमिती शिकवते, म्हणून तिथलेच उदाहरण देते. पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता वाचताना सर्वांना सोपी वाटते. एका विद्यार्थिनीने ती न बघता लिहिलेला कागद माझ्यासमोर आहे. काटकोन त्रिकोण नीट काढला आहे, काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंबही टाकला आहे, आणि तिथेच पेन अडले आहे. त्याखाली एकदम शेवटची ओळ येते : दोन्ही बाजूंच्या वर्गांची बेरीज म्हणजे कर्णाचा वर्ग. लंबामुळे झालेले दोन्ही छोटे त्रिकोण को-को कसोटीने, म्हणजे दोन-दोन कोन सारखे असल्याने, मूळ त्रिकोणाशी समरूप असतात. त्यामुळे प्रत्येक बाजूचा वर्ग म्हणजे संपूर्ण कर्ण आणि त्या बाजूला लागून असलेला कर्णाचा तुकडा यांचा गुणाकार, आणि दोन्ही तुकडे मिळून पुन्हा कर्णच होतो, एवढा मधला भाग तिच्याकडून सुटला आहे. तिला आता संपूर्ण प्रकरण वाचायचे नाही, एवढेच पाहायचे आहे. ‘भूमिती मला जमतच नाही’ ही मोघम धास्ती दोन-तीन ओळींच्या उणिवेवर आली, आणि ताण कमी होतो असे मी लिहिले ते याच अर्थाने. अभ्यास कमी करा, असे मी कोठेही सुचवलेले नाही.

थोडी धास्ती माणसाला अभ्यासाला बसवते, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. मात्र रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या मानसशास्त्रज्ञांच्या 1908 मधील प्रयोगात उंदरांना दोन पेट्यांतला फरक ओळखायला शिकवताना चुकीला विजेचा धक्का दिला जाई; त्यात असे आढळले की ओळखायचा फरक जितका बारीक, तितका सौम्य धक्का शिकण्याला उपयोगी पडतो आणि तीव्र धक्क्याने शिकणे मंदावते. उंदरांवरून मुलांविषयी फार बोलू नये, हे खरे. पण वर्गात मला दिसते ते याच्याशी जुळणारे आहे. ठरावीक उत्तर उतरवण्यापुरती भीती चालून जाते. न पाहिलेले उदाहरण समोर आले की घाबरलेल्या मुलाच्या डोक्यात उदाहरणाऐवजी निकालच फिरू लागतो. पेपरच्या आदल्या रात्रीचे जागरण हेही भीतीचेच अपत्य आहे, आणि ते फार महागात पडते, कारण दिवसा शिकलेले पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो.

आपला घराविषयीचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जागेचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात जुना आहे; खेड्यांतील मुलांना शिकण्यासाठी शहरात राहायची सोय नव्हती, म्हणूनच शाहू महाराजांच्या पाठबळावर 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि पुढे इतर समाजांची वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. आपण लिहिलेला दिनक्रम मी पुन्हा वाचला : पहाटे धारा, मग डेअरीला दूध घालणे, शाळा, संध्याकाळी पुन्हा धारा, आणि ऊसतोड चालू असल्याने रात्री उशिरापर्यंत घरात माणसांची ये-जा. सलग तीन तास वाचन इथे होणार नाही. आठवून पाहायला मात्र दहा मिनिटेही पुरतात, आणि त्याला टेबल लागत नाही. किटली घेऊन डेअरीला जाताना मेंडेलीव्हच्या आवर्तसारणीचे गुण आणि त्रुटी तिला तोंडाने म्हणता येतील, जिथे अडेल ते घरी आल्यावर पुस्तकात पाहता येईल, आणि संध्याकाळच्या खेपेला तेच पुन्हा म्हणता येईल. मधल्या खंडाने नुकसान होत नाही. एकाच दिवशी कोंबलेल्या आवर्तनांपेक्षा काही दिवसांत विभागलेली कमी आवर्तने पुरतात, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून 1885 मध्येच नोंदवले आहे.

आता आपला प्रश्न. महिनाभर आधी सगळेच बदलू नये, असे मला वाटते. भाषा विषयांची तयारी ती जशी करते आहे तशीच चालू द्यावी. भूमिती आणि विज्ञान भाग 1 यांची सुरुवात मात्र येत्या रविवारीच करावी. भूमितीची 40 गुणांची एखादी जुनी प्रश्नपत्रिका तिला बोर्डाच्या वेळेप्रमाणे सकाळी 11 वाजता द्यावी आणि ते दोन तास पुस्तक-वही आपल्याकडे ठेवून घ्यावी. पहिल्या खेपेस गुण कमी पडतील, याची तिला आधीच कल्पना द्यावी आणि त्या गुणांची घरात चर्चा करू नये. जे अडले त्याची यादी तिने स्वतःच्या हाताने करावी, बुधवारी त्या यादीतलेच प्रश्न न बघता लिहून पाहावेत, जमले त्यांवर काट मारावी आणि उरले ते पुढच्या रविवारसाठी ठेवावेत. संध्याकाळी ‘झाला का अभ्यास?’ असे विचारण्याऐवजी ‘आज यादीतले काय सुटले?’ असे विचारावे. दोन रविवारांनंतरही तेच प्रश्न यादीत राहिले, तर ते मला इथेच कळवावेत. भूमितीचे असतील तर त्यांची उत्तरे मी पायरीपायरीने लिहून देईन.