लेनिनग्राड रॉक क्लब केजीबीने जन्माला घातला नव्हता

सोव्हिएत काळातल्या रॉक संगीताचा विषय निघाला की एक विधान हमखास पुढे येते. लेनिनग्राड रॉक क्लब ही केजीबीने योजून उभारलेली संस्था होती, तिथली गाणी गुप्तचर खात्याच्या मर्जीने ठरत, तिथे गाणारे तरुण सरकारच्या आश्रयाला होते आणि म्हणून त्या पिढीचे बंड हे वरून बसवून दिलेले नाटक होते, असा त्याचा आशय असतो. विक्टर त्सोय किंवा बोरिस ग्रेबेन्शिकोव या तिथल्या रॉक गायकांबद्दल कोणी कौतुकाचे चार शब्द काढले की ‘तो तर केजीबीचाच क्लब’ एवढ्या एका वाक्यात विषय मिटवला जातो. हे विधान चुकीचे आहे. त्याने गेलेल्या माणसांवर अन्यायही होतो, म्हणून त्याचा एकेक भाग तपासणे आवश्यक वाटते.

त्यात जे खरे आहे ते आधी मान्य करतो. ७ मार्च १९८१ रोजी रूबिनस्टाइन रस्त्यावरच्या १३ क्रमांकाच्या इमारतीत, म्हणजे कामगार संघटनांच्या हौशी कलाभवनात, क्लबचा पहिला कार्यक्रम झाला. त्या काळच्या लेनिनग्राडमध्ये असा कार्यक्रम केजीबीला अंधारात ठेवून होणे शक्यच नव्हते. वैचारिक क्षेत्रातल्या तथाकथित घातपातावर लक्ष ठेवण्यासाठी केजीबीत १९६७ पासून एक स्वतंत्र संचालनालय होते, आणि तरुणांचा कोणताही जमाव त्याच्या नजरेत असे. सभागृहात त्या खात्याची माणसे बसलेली असतात हे मंचावरच्यांनाही ठाऊक होते. मात्र पाळत ठेवणे, संमती देणे आणि निर्माण करणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. विधानाचा सगळा डोलारा या तिन्ही एकच आहेत असे गृहीत धरून उभा केलेला आहे.

या विधानाला सर्वांत मोठा आधार दिला जातो तो ओलेग कालुगिन यांचा. परदेशी हेरगिरीत मोठ्या पदावर असलेले हे जनरल १९८० मध्ये मॉस्कोतून हलवले गेले, लेनिनग्राड केजीबीचे पहिले उपप्रमुख झाले आणि १९८७ पर्यंत तिथे होते. पुढे ते केजीबीचे जाहीर टीकाकार बनले आणि अमेरिकेत स्थायिक झाले. रॉक क्लबचे श्रेय त्यांनी नंतर आपल्या खात्याच्या पदरात टाकले. ही साक्ष देणाऱ्याचा हितसंबंध इथे उघड आहे, कारण जुन्या व्यवस्थेत राहूनही आपण कलेला मोकळीक मिळवून दिली असे म्हणणे त्या व्यवस्थेबाहेर पडलेल्या अधिकाऱ्याला सोयीचे असते. पण हितसंबंध बाजूला ठेवून त्यांचा शब्द जसाच्या तसा स्वीकारला तरी त्यातून फार तर संमतीचे श्रेय सिद्ध होते. बँड कोणी जमवले, गाणी कोणी रचली, श्रोते कोठून आले, या प्रश्नांना त्या साक्षीत उत्तर नाही.

ते उत्तर कालक्रमात आहे, आणि हा माझा मुख्य मुद्दा आहे. क्लब सुरू झाला तेव्हा लेनिनग्राडमधले रॉक संगीत पंधरा वर्षांचे झालेले होते. ‘मिफी’ हा बँड १९६० च्या दशकातला, ‘रोसियाने’ त्याच दशकाच्या अखेरीचा, आणि ग्रेबेन्शिकोव यांचा ‘अक्वारियम’ १९७२ चा. महाविद्यालयांच्या सभागृहांत, वसतिगृहांत आणि शहराबाहेरच्या संस्कृतिगृहांत तोंडोतोंडी निरोप जाऊन हे कार्यक्रम होत, आणि पोलिस येऊन ते बंदही पाडत. संगीतकारांना स्वतःची अधिकृत जागा मिळावी यासाठी १९७० च्या दशकातही प्रयत्न झाले होते आणि ते फसले होते. क्लबच्या पहिल्या कार्यक्रमात ‘रोसियाने’, ‘मिफी’ आणि ‘पिकनिक’ हे बँड वाजले, म्हणजे आधीपासून वाजवणारी मंडळीच त्या दिवशी एका छताखाली आली.

मग सरकारने हे छत दिले तरी का? यासाठी ४ जुलै १९७८ ची घटना लक्षात घ्यावी लागते. त्या दिवशी लेनिनग्राडच्या राजवाडा चौकात सान्ताना, जोन बाएझ आणि बीच बॉईज यांचा कार्यक्रम होणार असल्याची बातमी स्थानिक वर्तमानपत्रात आली होती. कार्यक्रम रद्द झाला, पण हजारो तरुण चौकात जमले, त्यांनी हटायला नकार दिला आणि पोलिसांनी पाण्याचे फवारे मारून त्यांना पांगवले. पुढे मार्च १९८० मध्ये तिबिलिसीच्या संगीत महोत्सवात ग्रेबेन्शिकोव मंचावर आडवे पडून गिटार वाजवू लागले, तेव्हा परीक्षक उठून निघून गेले. गावी परतल्यावर त्यांची नोकरी गेली आणि कोम्सोमोल या युवक संघटनेतून त्यांची हकालपट्टी झाली. बंदी घालूनही हे संगीत थांबत नाही, हे सत्तेला एव्हाना पुरते कळून चुकले होते. अशा वेळी एखादे सभागृह देऊन त्यावर नजर ठेवणे तिला कमी धोक्याचे वाटले असेल, असे मानायला जागा आहे. पण मग हा निर्णय खालून आलेल्या दबावापुढे घेतलेली माघार ठरतो, आणि दबाव आणणाऱ्यांना त्या निर्णयाचे अपत्य म्हणणे म्हणजे कार्य आधी आणि कारण नंतर असे सांगण्यासारखे आहे.

‘गाणी केजीबी मंजूर करत असे’ हा भाग अर्धवट ऐकीव माहितीवर बेतलेला आहे. क्लबमध्ये एखादे गाणे म्हणायचे तर त्याचे शब्द टंकलिखित करून आधी सादर करावे लागत आणि त्यावर मंजुरीचा शिक्का घ्यावा लागे. या पद्धतीला तिथे ‘लितोव्का’ म्हणत. ही तपासणी कलाभवनाच्या पातळीवर होत असे, आणि वादग्रस्त शब्द कसे सांभाळून न्यायचे याबद्दल तपासणारे आणि गाणारे यांच्यात सतत घासाघीस चाले. आपल्याकडे नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवल्याशिवाय प्रयोग लावता येत नसे, म्हणून मराठी नाटके त्या मंडळाने लिहिली असे कोणी म्हणत नाही. शिक्क्याची सक्ती होती, ती जाचक होती, आणि तिच्यामुळे अनेकांनी स्वतःच आपल्या ओळी बोथट केल्या, हे सगळे मान्य करूनही लेखणी कोणाच्या हातात होती हा प्रश्न वेगळाच राहतो.

या तपासणीला गाणाऱ्यांनी काय उत्तर दिले, हेही सांगितले पाहिजे. ‘तेलेविझोर’ या बँडचा मिखाईल बोर्झिकिन याने १९८६ च्या क्लब महोत्सवात शिक्का न घेतलेली गाणी भर मंचावरून म्हटली. त्यातले एक नियंत्रणाबाहेर पडण्याविषयीच होते. बँडवर काही महिने बंदी आली. दोन वर्षांनी, १९८८ च्या महोत्सवात, अग्निसुरक्षेचे कारण पुढे करून कार्यक्रम अडवला गेला, तेव्हा याच बोर्झिकिनच्या पुढाकाराने जमाव स्मोल्नीच्या, म्हणजे पक्षाच्या शहर मुख्यालयाच्या, दिशेने चालू लागला आणि अधिकाऱ्यांना नमते घ्यावे लागले. हे नाटक असेल तर त्यातल्या शिक्षा खऱ्या होत्या आणि त्या भोगणारेही खरे होते.

याच्या उलट टोकाचे एक उदाहरण विधानाच्या बाजूने देता येईल, आणि ते मी लपवू इच्छित नाही. १९८४ च्या महोत्सवात त्सोयच्या ‘किनो’ने आपले घर अण्वस्त्रमुक्त क्षेत्र म्हणून घोषित करणारे गाणे सादर केले. सोव्हिएत सरकारच्या तेव्हाच्या शांतता मोहिमेशी ते अगदी जुळणारे होते, आणि महोत्सवात त्याचा गौरवही झाला. पण चौकटीत बसणारे एक गाणे केल्याने उरलेली सगळी गाणी चौकटीची होत नाहीत.

आश्रयाचा आरोप तर मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. क्लबमधले बँड ‘हौशी’ म्हणून नोंदलेले होते आणि हौशी कलाकाराने कार्यक्रमाचे मानधन घेणे नियमात बसत नसे. काम न करणाऱ्या माणसावर परोपजीवी म्हणून खटला भरता येत असे, याच शहरात १९६४ मध्ये कवी जोसेफ ब्रॉडस्की यांच्यावर तसा खटला चालला होता, त्यामुळे प्रत्येकाला कुठेतरी नोकरी दाखवावी लागे. ती अशी शोधली जाई की जीत पगार थोडा असला तरी वेळ हाताशी राहील. ‘झूपार्क’ या बँडचा माइक नाउमेन्को रात्रपाळीचा पहारेकरी होता. त्सोय १९८६ पासून ब्लोखिन रस्त्यावरच्या एका बॉयलरघरात भट्टीत फावड्याने कोळसा घालत असे. त्या तळघराला या मंडळींनी ‘कामचात्का’ हे नाव दिले होते. हा माणूस तोपर्यंत देशभर ऐकला जात होता. गुप्तचर खात्याच्या लाडक्यांना असे दिवस काढावे लागत असतील, तर त्या लाडाचा अर्थ विधान करणाऱ्यांनी समजावून सांगावा.

क्लबच्या सभागृहात सुमारे दोनशे माणसे बसत. बसत हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा आहे, कारण खुर्चीवरून उठून नाचायला मनाई होती आणि त्यावर लक्ष ठेवणारे दंडाला पट्टी बांधून कडेला उभे असत. या दोनशे माणसांतून ही गाणी सायबेरियापर्यंत कशी गेली? सगळे काही क्लबच्याच कह्यात होते असे मानणाऱ्यांकडे याचे उत्तर नाही. ती गेली टेपवरून. आन्द्रेई त्रोपिलो हे शाळकरी मुलांसाठीच्या तंत्रभवनात ध्वनिमुद्रणाचा वर्ग चालवत. त्या वर्गासाठी त्यांनी जमवलेल्या, बऱ्याचशा इतरत्र मोडीत निघालेल्या यंत्रांवर ‘अक्वारियम’, ‘झूपार्क’, ‘किनो’ आणि पुढे ‘अलिसा’ यांचे संग्रह मुद्रित झाले. मूळ टेपवरून प्रती काढायच्या, पुठ्ठ्याच्या चौकोनी डबीवर हाताने छापलेले छायाचित्र मुखपृष्ठ म्हणून चिकटवायचे, आणि ती डबी ओळखीच्या माणसाच्या हाती दुसऱ्या शहरात पाठवायची. तिथे पुन्हा एका टेपरेकॉर्डरवरून दुसऱ्यावर प्रत निघे, आणि प्रत्येक प्रतीगणिक आवाजातली खरखर वाढत जाई. या कामाला ना शिक्का होता ना परवानगी. आणि ‘अक्वारियम’चा ‘निळा संग्रह’ त्रोपिलो यांच्याकडे मुद्रित झाला तो जानेवारी १९८१ मध्ये, म्हणजे क्लबचे दार उघडण्याच्या आधी.

इतर शहरांत या काळात काय चालले होते, हेही थोडक्यात पाहावे. जून १९८३ च्या कम्युनिस्ट पक्षाच्या बैठकीत ज्येष्ठ नेते चेर्नेन्को यांनी संशयास्पद आशयाच्या गायनवृंदांवर टीका केली. त्याच वर्षी मॉस्कोतील ‘वोस्क्रेसेन्ये’चे अलेक्सेई रोमानोव बेकायदा व्यवसायाच्या आरोपाखाली पकडले गेले, तर मार्च १९८४ मध्ये ‘ब्राव्हो’चा कार्यक्रम उधळून गायिका झान्ना अगुझारोवा हिला ताब्यात घेतले गेले. तेव्हा देशाचा प्रमुख होता किंवा नुकताच होऊन गेला होता, तो पंधरा वर्षे केजीबीचे नेतृत्व केलेला आन्द्रोपोव. ज्या यंत्रणेने रॉक निर्माण केले असे सांगतात, तिच्याच माजी प्रमुखाच्या कारकिर्दीत रॉकवाल्यांना अटका होत होत्या.

१९८६ मध्ये जोआना स्टिंग्रे या अमेरिकन तरुणीने चार बँडच्या टेप चोरून देशाबाहेर नेल्या आणि त्या ‘रेड वेव्ह’ या नावाने अमेरिकेत प्रसिद्ध झाल्या. सरकारी ‘मेलोदिया’ कंपनीने ‘अक्वारियम’ची तबकडी काढली ती त्यानंतर, १९८७ मध्ये. इथेही सरकार मागून चालत आले.

याच संगीताबद्दल अगदी उलटे विधानही केले गेले आहे. २०१४ मध्ये रशियन संसदेचे सदस्य येवगेनी फ्योदोरोव यांनी त्सोयची परिवर्तनाची मागणी करणारी गाणी अमेरिकन सीआयएने लिहून दिली असल्याचे जाहीरपणे सांगितले. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध गाणे ‘किनो’ने १९८६ मध्ये याच रॉक क्लबच्या महोत्सवात सादर केले होते. एकाच माणसाला दोन परस्परविरोधी गुप्तचर संस्थांच्या खात्यावर टाकणाऱ्या या दोन विधानांत एक समान गृहीत आहे: पंचविशीतला, कोरियन वंशाच्या वडिलांचा, बॉयलरघरात काम करणारा मुलगा स्वतःच्या डोक्याने अशी गाणी लिहू शकत नाही. मला हे गृहीतच मान्य नाही, आणि त्याच्या बाजूने दोन्हीपैकी कोणीही पुरावा दिलेला नाही.

शेवटचा मुद्दा क्लबच्या उतरत्या काळाचा. १९८७ नंतर निर्बंध सैल झाले, बँडना मानधन घेऊन मोठ्या सभागृहांत वाजवता येऊ लागले, आणि रूबिनस्टाइन रस्त्यावरच्या त्या खोल्यांची गरज पाहता पाहता संपली. २४ जून १९९० रोजी ‘किनो’ने मॉस्कोच्या लुझ्निकी स्टेडियममध्ये हजारो लोकांपुढे कार्यक्रम केला, तेव्हा ना क्लबची परवानगी लागली ना शिक्क्याचा कागद. क्लबने हे संगीत घडवले असते तर क्लब ओसरताच तेही ओसरले असते. प्रत्यक्षात सभागृह मागे पडले आणि गाणारे पुढे गेले.