वेस्ट व्ह्यू

सांगलीच्या विश्रामबागेत फ्लॅट घेताना बिल्डरचा माणूस म्हणालेला, "वेस्ट व्ह्यू आहे सर, सूर्यास्त बघत चहा प्यायचा." खोटं नाही बोलला, फक्त एप्रिल-मेमध्ये हा सूर्यास्त दुपारी तीनलाच सुरू होतो आणि अंधार पडेपर्यंत आमच्या बेडरूममध्ये मुक्कामाला असतो.

एसी एक टनाचा. अठरावर लावला तरी खोली काय गार होईना. मेकॅनिक आला, गॅस बघितला, "मशीन ओके आहे ओ, दीड टन घ्या" म्हणून व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. पप्पांनी मात्र देवघरातली उदबत्ती उचलली आणि बंद स्लायडिंग खिडकीच्या कडेनं फिरवली. दोन पल्ले जिथं भेटतात तिथं आल्यावर धूर वर जायचा सोडून आडवा पळायला लागला! पल्ल्याच्या कडेला ती ब्रशची पट्टी असते ना, तिचे केस पार झडलेले. पट्टी स्वस्तात बदलून झाली, फरकही पडला, पण थोडाच.

कारण खरा घोळ काचेचा. सहा बाय चारची साधी काच, तिच्यावर थेट ऊन पडलं की हजारेक वॅट उष्णता आरामात आत येते, म्हणजे उशाशी इस्त्री चालू ठेवून झोपल्यासारखंच की. एक टनाचा एसी खोलीतली उष्णता उपसणार साडेतीन हजार वॅट, त्यातले हजार इस्त्रीलाच गेले.

डबल काचेचं कोटेशन मागवलं आणि ते बघूनच मी गार झालो. त्यात दोन्ही काचा साध्या असल्या तर बाहेरची गरमी अडते पण ऊन बऱ्यापैकी येतंच, ते अडवायला कोटिंगची काच, तिचे पैसे अजून वेगळे. बायकोनं जाड पडदा लावला, पण ऊन काच ओलांडून आल्यावर पडदा तरी काय करणार, तोच तापून खोलीत गरमी सोडत बसतो. अडवायचं तर बाहेरच.

शेवटी तासगावच्या मेहुण्यानं बेदाण्याच्या शेडवरचं जुनं शेडनेट आणून ग्रीलला बाहेरून बांधलं. हिरवंगार, कडेला दोन-चार बेदाणे चिकटलेले. आता एसी सव्वीसवर चालतो.

सूर्यास्त दिसत नाही. खालनं जाणारे "बेदाणा टाकलाय काय ओ?" विचारतात, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी बिल्डिंगचा लूक जातोय म्हणून नोटीस लावली, त्यांचा फ्लॅट पूर्वेला आहे.